तोल जाण्याचा आजार, निदानाचे नाव आणि नोंदीचा क्रमांक

सुरत शहरातील लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी साड्यांच्या रंगाई-छपाईत, कोणी हमालीत, तर कोणी स्वतःच्या लहानशा धंद्यात स्थिरावला आहे. महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकतात. सणावारी, लग्नसराईत आणि दुखण्या-बाण्यात ही मंडळी ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे परततात. परिणामी एकाच रुग्णाचे कागद दोन राज्यांच्या दवाखान्यांत तयार होतात. या कागदांवर आजाराचे जे नाव लिहिले जाते आणि त्या नावापुढे जो क्रमांक पडतो, त्याकडे रुग्णाचे वा नातलगांचे सहसा लक्ष जात नाही. काही आजारांत मात्र हा क्रमांक बराच अर्थपूर्ण ठरतो.

समजा, चाळिशीतील एखाद्या माग कामगाराचा तोल हळूहळू जाऊ लागला. प्रथम तुटलेला धागा जोडताना बोटे चुकू लागतात. पुढे तो पाय फाकवून चालू लागतो, जिना उतरताना कठडा धरतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचे बोलणेही जड व लांबट होते. शेजाऱ्यांना वाटते, गडी पिऊ लागला. गुजरातेत दारूबंदी लागू असल्याने अशा माणसाची नुसती चेष्टा होऊन भागत नाही. भररस्त्यात झोकांडी गेली तर पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते, आणि जीभ अडखळत असल्यामुळे त्याची उत्तरेच त्याच्याविरुद्ध जातात. गावाकडे आल्यावर कोणी बाहेरची बाधा म्हणतो, तर कोणी अर्धांगवायूचे तेल सुचवितो.

हा मनुष्य तीन ठिकाणी तपासून घेतो. पहिल्या दवाखान्यात तो ‘चक्कर येते’ असे सांगतो आणि कागदावर तेच उतरते. त्या तक्रारीचा क्रमांक आर ४२. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर त्याला सरळ रेषेत चालावयास लावतात, नाकाला व मग समोरच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करावयास सांगतात आणि ‘अटॅक्सिया’ असे लिहितात. त्याचा क्रमांक आर २७.०. तिसऱ्या, मोठ्या रुग्णालयात त्याच्या वडिलांच्या व चुलत्यांच्या प्रकृतीचीही चौकशी होते, मेंदूचे चित्र घेतले जाते, आणि कागदावर ‘आनुवंशिक, उशिरा सुरू होणारा लहान मेंदूचा अटॅक्सिया’ असे निदान येते. त्याचा क्रमांक जी ११.२. हे तिन्ही कागद खोटे नाहीत. परंतु पहिला कागद रुग्ण काय म्हणाला ते सांगतो, दुसरा डॉक्टरांना काय दिसले ते सांगतो, आणि आजार कोणता हे केवळ तिसराच सांगतो.

क्रमांकाची ही पद्धत कोठून आली

आजारांना व मृत्यूच्या कारणांना जगभर एकाच रीतीने नोंदता यावे, म्हणून झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली यादी १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेपुढे मांडण्यात आली. पुढे ठरावीक काळाने तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंतपणीच्या आजारांचाही तीत समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावीला २०१९ साली संमती मिळून ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. प्रत्यक्षात रुग्णालयांच्या कागदांवर दहाव्या आवृत्तीचेच क्रमांक अद्याप मोठ्या प्रमाणात पाहावयास मिळतात, म्हणून येथे त्यांचाच आधार घेतला आहे.

दहाव्या आवृत्तीत प्रत्येक क्रमांकाच्या आरंभी एक रोमन अक्षर असते आणि ते अक्षर आजाराचे प्रकरण दर्शविते. ‘जी’ हे मज्जासंस्थेच्या आजारांचे प्रकरण. त्यात १० व्या क्रमांकावर हंटिंग्टनचा आजार, ११ व्यावर आनुवंशिक अटॅक्सिया, २० व्यावर कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार, २४ व्यावर स्नायू पिळवटून अंग वेडेवाकडे होण्याचे विकार आणि २५ व्यावर कंप व तत्सम विकार येतात. ‘आर’ हे प्रकरण निराळे आहे. ज्या लक्षणांच्या मुळाशी कोणता आजार आहे हे ठरलेले नाही, अशी लक्षणे त्यात नोंदविली जातात. ‘आर’चा क्रमांक मिळणे ही चूक नसून ते अपुरेपणाचे प्रामाणिक निदर्शक होय. मात्र वर्षानुवर्षे प्रत्येक भेटीत तोच क्रमांक पडत राहिला, तर शोध अर्ध्यावर थांबला आहे असे समजावे.

तोल अनेक कारणांनी जातो

चालणे ही दिसावयास सोपी क्रिया आहे. पण पाय कोठे आहेत याची वर्दी पायांकडून मेरुरज्जूमार्गे मेंदूला सतत पोहोचावी लागते, अंतर्कर्णातून मस्तकाच्या स्थितीची माहिती यावी लागते, डोळ्यांनी जमीन पाहावी लागते आणि या सर्वांचा मेळ डोक्याच्या मागील भागातील लहान मेंदूने घालावा लागतो. यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी बाहेरून दिसणारे दृश्य पुष्कळसे सारखेच असते. अचूक निदानाची कसोटी येथेच लागते, कारण या कारणांपैकी काही औषधाने बरी होणारी आहेत.

ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावाचे उदाहरण घ्यावे. दूध-दुभते फारसे न मिळणाऱ्या शाकाहारी माणसांत हा अभाव विशेष संभवतो. त्यात मेरुरज्जूचा मागील भाग बिघडतो आणि पायांकडून येणारी वर्दी तुटते. असा मनुष्य उजेडात, डोळ्यांच्या आधारावर बरा चालतो. मोरीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले, की तो पुढे कोलमडतो. रात्री दिवे गेले म्हणजेही तेच होते. लहान मेंदू बिघडलेल्याचा तोल मात्र डोळे उघडे असतानाही जातो. ‘आंघोळीच्या वेळी पडतो’ हे घरच्या बाईचे साधे वाक्य या दृष्टीने मोलाचे असते, आणि ते डॉक्टरांना सांगितले गेले पाहिजे. ब-१२ ची सुया-औषधे वेळेवर मिळाली तर हे नुकसान थांबते आणि पुष्कळ अंशी भरूनही येते, उशीर झाल्यास कायमचे व्यंग मागे राहते. येथे वर्गीकरणाने एक युक्ती योजिली आहे. मुळाशी असलेल्या अभावाचा क्रमांक ई ५३.८ असून त्यापुढे खंजिराचे चिन्ह घालतात, आणि मेरुरज्जूवर झालेल्या परिणामाचा क्रमांक जी ३२.० असून त्यापुढे तारका घालतात. कारण आणि परिणाम असे दोन्ही कागदावर राहतात, मात्र तारकेचा क्रमांक एकट्याने कधीही लिहावयाचा नसतो.

फेफऱ्यावर दिले जाणारे फेनिटॉइन हे औषध स्वस्त व गुणकारी म्हणून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आहे. त्याची मात्रा अंगाला जास्त झाली तर मनुष्य झोकांड्या खाऊ लागतो, डोळ्यांची बुबुळे थरथरतात आणि बोलणे जड होते. मात्रा कमी केल्यावर हा त्रास बहुधा ओसरतो. ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी बंद करू नये, कारण त्याने फेफऱ्याचे झटके उसळतात. अशा रुग्णाला ‘जी ११’ हा क्रमांक पडणे म्हणजे औषधाचा दोष त्याच्या रक्तवंशावर लादणे होय. औषधांच्या दुष्परिणामांसाठी वर्गीकरणात स्वतंत्र क्रमांक आहेत आणि ते वापरण्यासाठी रुग्णाने चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत नेली पाहिजे, एवढीच अट आहे.

विल्सनचा आजार तर मज्जासंस्थेच्या प्रकरणात सापडतच नाही. शरीरात तांबे साठत गेल्याने तरुण मुलामुलींत हातांचा कंप, तोंडाचा वाकडेपणा, बोलण्यातील दोष आणि यकृताचा बिघाड ही लक्षणे उद्भवतात. मूळ दोष तांब्याच्या चयापचयाचा असल्यामुळे त्याचा क्रमांक ई ८३.० आहे. आयुष्यभर औषधे घेतल्यास रुग्ण चांगला राहू शकतो, म्हणून तरुणाचा हात थरथरत असेल तर या आजाराचा विचार झालाच पाहिजे असा वैद्यकातील दंडक आहे. विदर्भाच्या पूर्व भागातील जाणत्यांना लाखोळी डाळीने येणारे पांगळेपण ठाऊक असेल. त्यात पाय ताठरून कात्रीसारखे एकमेकांवर पडतात. चाल बिघडली तरी तो अटॅक्सिया नव्हे, आणि त्याची नोंद आनुवंशिक विकारांत न होता अन्नातून होणाऱ्या विषबाधेत होते.

सुरतेत जन्मलेले संशोधक

आनुवंशिक अटॅक्सियाच्या ज्ञानात एक महत्त्वाची भर घालणारे डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरतेस एका पारशी कुटुंबात झाला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जासंस्थेच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम केले. वंशपरंपरेने तोल जाणाऱ्या काही रुग्णांत त्यांना एक वैशिष्ट्य आढळले. त्यांचे डोळे फार सावकाश फिरत. निरोगी मनुष्य एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो, तेव्हा बुबुळे क्षणार्धात उडी मारतात. या रुग्णांची बुबुळे मात्र संथपणे सरकत, आणि बाजूला पाहण्यासाठी ते डोळ्यांऐवजी मानच वळवीत. डॉ. वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी अशा ९ कुटुंबांचा अभ्यास करून १९७१ साली ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात तो प्रसिद्ध केला आणि हा आनुवंशिक अटॅक्सियाचा निराळा प्रकार असल्याचे मांडले.

त्या काळी जनुकांची तपासणी उपलब्ध नव्हती. १९९६ साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांना १२ व्या गुणसूत्रावर एका विशिष्ट अटॅक्सियाचे जनुक सापडले. त्या प्रकारास एससीए-२ असे नाव मिळाले. १९९८ साली डॉ. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी संथ डोळ्यांच्या भारतीय कुटुंबांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा तो आजार एससीए-२ हाच असल्याचे दिसून आले. पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर हा मेळ बसू शकला, याचे कारण पहिल्या लिखाणात नुसते ‘तोल जातो’ एवढेच न लिहिता डोळे कसे फिरतात, कोणत्या वयात सुरुवात होते, घरातील कोणाकोणाला आजार आहे, हे सर्व नोंदलेले होते. भारत सरकारने डॉ. वाडिया यांना २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरविले. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

एससीए-२ मध्ये नेमके काय बिघडते ते थोडक्यात सांगता येईल. जनुकाच्या लिपीत सी, ए, जी ही तीन अक्षरे एका ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ही आवृत्ती सुमारे २२ वेळा असते. ती वाढून ३३ च्या पुढे गेली की आजार संभवतो. पोथीची नक्कल करताना लेखनिकाची नजर चुकून तोच शब्द अधिक वेळा लिहिला जावा, तसा हा प्रकार आहे. पुढच्या पिढीत नक्कल होताना ही संख्या आणखी वाढण्याकडे कल असतो, आणि संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर सुरू होतो. बापाला पंचेचाळिसाव्या वर्षी जे झाले ते मुलाला पंचविशीत किंवा त्याहूनही अगोदर होऊ शकते. आजारी माता वा पिता यांच्या प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, हे जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. ‘मुलीच्या सासरी दोष जात नाही’ असा जो समज काही ठिकाणी आढळतो, त्याला शास्त्राचा आधार नाही.

वयाची २० वर्षांची रेषा

येथे वर्गीकरणातील एक उणीव उघड होते. दहाव्या आवृत्तीत लहान मेंदूचे आनुवंशिक अटॅक्सिया वयावरून विभागले आहेत. सर्वसाधारणपणे २० वर्षांच्या आत सुरू होणारा तो जी ११.१, आणि त्यानंतर सुरू होणारा तो जी ११.२. ही विभागणी जनुके सापडण्यापूर्वीच्या विचारांवर उभी होती. त्यामुळे एकाच घरातील, एकाच जनुकाने आजारी असलेले वडील जी ११.२ मध्ये व सोळाव्या वर्षी आजार सुरू झालेला मुलगा जी ११.१ मध्ये नोंदला जाण्याचा संभव आहे. आकडेमोड करणाऱ्याला ते दोन भिन्न आजार वाटतील. ज्या फ्रीडराइक अटॅक्सियाची नोंद जी ११.१ मध्येच होते, तो तर आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावर होणारा अगदी वेगळा विकार आहे. त्याच्यावरील पहिल्या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, पण ते एससीए-२ साठी नव्हे. केवळ क्रमांकावर विसंबून चालत नाही ते यासाठी. कागदावर आजाराचे पूर्ण नाव अक्षरांत लिहून घेणे अगत्याचे आहे. अकराव्या आवृत्तीत अटॅक्सियाच्या विकारांना ८ए०३ हे स्वतंत्र घर मिळाले आहे.

वयाची ही रेषा ओढावयाची तर सुरुवात कधी झाली हे कोणी तरी सांगावे लागते, आणि ते रुग्णालयातील माणसाला कळणे शक्य नसते. मुलाच्या बाबतीत शाळेतील शिक्षक उत्तम साक्षीदार ठरू शकतात. पाचवीत सुबक असलेले अक्षर सातवीत वेडेवाकडे झाले, कवायतीत पूर्वी नीट चालणारा मुलगा आता सारखा पडतो, तोंडी उत्तरे बरोबर देतो पण बोलण्याचा वेग मंदावला आहे, या गोष्टी जुन्या वह्यांवरून व हजेरीपटावरून वर्षासह सांगता येतात. अशा मुलाला आळशी वा धसमुसळा म्हणून शिक्षा होते, ही दुःखाची बाब आहे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्यांचे लाल जाळे दिसत असेल आणि मूल वारंवार खोकल्या-तापाने आजारी पडत असेल, तर जी ११.३ या क्रमांकाचा एक विरळा विकार संभवतो. त्यात क्ष-किरण अपायकारक ठरतात, म्हणून तपासणीपूर्वीच डॉक्टरांना त्याची शंका येणे आवश्यक असते.

कंपाचे अनेक प्रकार

हात थरथरला की लोक कंपवात म्हणतात, आणि कधी कधी कागदावरही तसेच लिहिले जाते. पार्किन्सनच्या आजारात हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, हालचाली मंद होतात व अंग ताठरते. हातात कप धरल्यावर थरथर वाढत असेल आणि बाकी काही बिघाड नसेल, तर तो बहुधा जी २५.० या क्रमांकाचा, घराण्यात चालत येणारा साधा कंप असतो. याखेरीज मानसिक आजारावरील काही औषधांनी, तसेच उलटी थांबविण्याच्या काही गोळ्यांनी हुबेहूब कंपवातासारखी अवस्था येते. तिचा क्रमांक जी २१ मध्ये आहे आणि औषध बदलल्यावर ती बहुधा सुधारते.

पारशी समाजात पार्किन्सनचा आजार बराच आढळतो, हे डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतून १९८८ साली पुढे आले. त्यांनी १४,०१० लोकांची पाहणी केली आणि त्यांत ४६ रुग्ण सापडले, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८. या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे हा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते. अग्रवाल समाजातील काही कुटुंबांत आढळणारा एससीए-१२ हा अटॅक्सिया मात्र फसवा आहे. त्याची सुरुवात हाताच्या कंपानेच होते आणि तोल पुढे काही वर्षांनी जाऊ लागतो. सुरतेच्या कापड बाजारात या समाजाचे व्यापारी पुष्कळ असल्याने तेथील डॉक्टरांना हा प्रकार ध्यानात ठेवणे भाग आहे. आरंभी जी २५.० पडला म्हणून तो कायमचा मानू नये.

जाता जाता एक नमूद करावेसे वाटते. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा हे पार्किन्सनवरील मुख्य औषधद्रव्य असते. मद्रास येथील संशोधकांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे केले होते. पण बीमधील त्याचे प्रमाण कमीजास्त असल्यामुळे आणि इतर गोळ्यांबरोबर ते दुप्पट होण्याचा धोका असल्यामुळे मनानेच बियांचे चूर्ण घेऊ नये. आयुर्वेदीय निदानांच्या नोंदीसाठी अकराव्या आवृत्तीस जोडलेला स्वतंत्र विभाग जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे वैद्यांनी केलेल्या निदानांनाही आता क्रमांक मिळू शकतो.

क्रमांक कोण घालतो

रुग्णालयाच्या अभिलेख विभागातील कर्मचारी डॉक्टरांनी लिहिलेल्या अंतिम निदानावरून क्रमांक घालतो. त्याने रुग्ण पाहिलेला नसतो, आणि तर्क करण्याचा त्याला अधिकार नसतो. डॉक्टरांनी घाईत नुसते ‘अशक्तपणा’ लिहिले असेल, तर तेवढाच क्रमांक पडतो. याच्या उलट एक नियम कमी परिचित आहे. अंतर्रुग्णाच्या घरी जाण्याच्या वेळीही निदान संशयितच राहिले आणि अधिक माहिती नसली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार संशयित आजाराचाच क्रमांक घालावयाचा असतो. डॉक्टरांनी निदानापुढे काढलेले प्रश्नचिन्ह क्रमांकात उतरत नाही. संख्याशास्त्राला याने फारसा बाध येत नसला, तरी रुग्णाने आपला कागद वाचताना ते प्रश्नचिन्ह पाहावे आणि पुढील तपासणीची तारीख विचारावी.

निदानाच्या शब्दाचे वजन सुरतेला नव्याने सांगावे लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगचे नाव उच्चारले जाताच लाखो लोक शहर सोडून गेले, आणि त्या निदानाच्या खरेपणावर तज्ज्ञांत पुढे बराच काळ वाद चालला. अटॅक्सियाच्या बाबतीत नेमके उलट घडते. नावच घेतले जात नाही, म्हणून आजार असल्याचे कोणाच्या गावीही नसते. विरळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातही आपल्याकडे अशा रोगांची पुरेशी आकडेवारी नसल्याचे मान्य केलेले आहे.

दाखले आणि हक्क

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ झाले आणि दीर्घकालीन मज्जाविकारांना त्यांत प्रथमच स्थान मिळाले. त्याखाली मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन यांची नावे स्पष्ट दिली आहेत. अटॅक्सियाचे नाव दिलेले नाही. तथापि ही नावे उदाहरणादाखल असल्याने, तसेच चालण्यातील व्यंग हा स्वतंत्र प्रकार असल्याने, अटॅक्सियाच्या रुग्णाचा अर्ज केवळ नाव यादीत नाही म्हणून नाकारण्याचे कारण नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी मंडळ तपासणी करून ठरविते, ती क्रमांकावरून ठरत नाही. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास कायद्यातील बऱ्याचशा सवलती लागू होतात. परंतु मंडळापुढे ‘आर ४२, चक्कर’ असा एकमेव कागद घेऊन जाणाऱ्याची आणि तज्ज्ञांचे निदान, वंशवृत्त व मेंदूच्या तपासणीचा अहवाल घेऊन जाणाऱ्याची स्थिती सारखी राहत नाही. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र देशभर ग्राह्य असल्याने सुरतेत मिळालेले ओळखपत्र नंदुरबारलाही चालते.

घरातील निरोगी मुलांची जनुक तपासणी करावी काय, असा प्रश्न निदानानंतर लगेच पुढे येतो. सज्ञान व्यक्तीने समुपदेशन घेऊन स्वतः तो निर्णय करावयाचा असतो. अज्ञान मुलांत केवळ भविष्य पाहण्यासाठी ही तपासणी करू नये, असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. एससीए-२ वर मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. व्यायाम, बोलण्याचे व गिळण्याचे शिक्षण, काठी वा चाकाची खुर्ची आणि मोरीत धरावयास दांडा, यांनी रुग्णाची पुष्कळ वर्षे सुकर होतात.

मृत्यूच्या दाखल्यावर आजाराची अखेरची नोंद होते. अटॅक्सियाच्या रुग्णाला शेवटी अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि त्यात त्याचा अंत होतो, असे अनेकदा घडते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ वापरतात. त्यात पहिल्या ओळीवर तात्कालिक कारण, त्याखाली त्याचे कारण आणि सर्वांत खाली मूळ आजार लिहावयाचा असतो. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे मृत्यूचे वर्णन झाले, कारण नव्हे. न्यूमोनिया एवढेच लिहिले, तर वीस वर्षांचा आजार आकडेवारीतून निसटतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली असून तीनुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगास द्यावयाची आहे. ही प्रत वडिलांच्या जुन्या कागदांबरोबर जपून ठेवावी. मुलगा वा मुलगी पुढे कधी तोल जातो म्हणून डॉक्टरांकडे गेली, तर वडिलांना काय झाले होते या पहिल्याच प्रश्नाला तिचा उपयोग होतो.